परबकाकांचं धरायचं बटण

परबकाका कॉम्प्युटरचा फोटो काढण्याआधी स्वतःचे केस विंचरतात.

फोटो म्हणजे कॅमेऱ्याने काढलेला नव्हे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या क्षणी जे दिसतंय ते तसंच्या तसं धरून ठेवायचं एक बटण कीबोर्डवर असतं. ते दाबायचं, मग पेंट उघडून त्यात चिकटवायचं आणि सेव्ह करायचं. कॉलेजात आम्हाला याला स्क्रीनशॉट म्हणतात असं शिकवलं. काकांनी त्या बटणाचं नाव ठेवलं, 'धरूचा बटण'. ते दाबायच्या आधी ते शर्टाच्या खिशातून छोटा कंगवा काढतात, भांग पाडतात, वरचं बटण लावतात आणि मग मान ताठ करून बसतात.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "काका, यात आपण येत नाही. फक्त समोरचं येतं."

"तुका काय म्हायत? आपणाक समोरचा दिसता, तर समोरच्याक आपण दिसत नसतलो कशावरून?"

हे काही आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते.

केस विंचरून झाले की ते सगळ्या घराला दम देतात. "कोणी हालू नकात! फोटो हालतलो." मग आई हातातलं लाटणं तसंच धरून उभी. बाबा चहाचा कप ओठांपाशी थांबवून. मी तर शेजारीच बसलेली असते, म्हणून श्वाससुद्धा धरून ठेवते. काका एक बोट उंच उचलतात आणि चिलट मारावं तसं बटणावर आपटतात. टक. "हां. धरलंय. आता हाला."

आम्ही लालबागच्या एका चाळीत राहतो. गल्ली पुढे चिंचपोकळी स्टेशनकडे उतरते. दुसऱ्या मजल्यावर काकांची खोली आणि तिला लागून आमची. काका संपाआधी गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. बाबाही त्याच गिरणीत होते, दुसऱ्या खात्यात. आता त्या जागेवर काचेची इमारत आहे आणि बाबा तिथे वॉचमन आहेत. मी कॉलेजात गेले तेव्हा त्या इमारतीतल्या एका ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढून टाकले, त्यातला एक बाबांनी टॅक्सीच्या टपावर बांधून आणला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे कॉम्प्युटरचं नेमकं काय करायचं असतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही. आईने त्याच्यावर शिवलेलं कव्हर घातलं आणि दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं.

काका तो बघायला आले आणि मग रोजच येऊ लागले. सुरुवातीला नुसते बसून राहायचे. एकदा मी प्रोजेक्टसाठी पडद्यावरची पानं धरून पेंटमध्ये चिकटवत होते.

"ह्यां काय करतंस?"

"हे आत्ता दिसतंय ना, ते असंच ठेवायचं. नंतर बदललं तरी आपल्याकडे राहतं."

"म्हणजे मागसून ते नाय म्हणाक लागले तर?"

"कोण?"

"कोणय. आपल्याकडे रवता?"

"राहतं."

काकांनी त्या बटणावरून हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाले, "ह्यां बटण आमच्या टायमाक होया होतां गो."

त्याचं कारण चाळीत सगळ्यांना माहीत आहे. संपाच्या दिवसांत एका सकाळी काकांनी गिरणीच्या गेटवर एक नोटीस वाचली, की उद्या चर्चा आहे, कामगारांनी गेटवर यावं. ते धावत चाळीत आले आणि खालपासून वरपर्यंत ओरडत सुटले. अख्खी चाळ गेटवर गेली. पाहतात तो नोटीस नाही. नुसता गोंद. पहारेकऱ्याने सांगितलं, इथे काही लागलंच नव्हतं. तेव्हापासून चाळीने काकांचं नाव 'चर्चापरब' ठेवलं. अजूनही तळमजल्यावरचे सावंत त्यांना बघून विचारतात, "काय परबानू, चर्चा कधी?" आणि काका जिना चढता चढता म्हणतात, "हातात पुरावो होयो रे, पुरावो! तुझ्यासारख्या मेल्याशी कोण बोलता?"

तर आता काकांना पुरावा धरायचं यंत्रच मिळालं.

ते काय काय धरायचे! विजेच्या बिलाचं पान, हवामान, सोन्याचा भाव (सोनं घ्यायचं नसतानाही), पंचांग, राशिभविष्य. भविष्य चांगलं असेल तरच. 'आज मान मिळेल' असं लिहून आलं की ते धरायचे आणि संध्याकाळी सावंतांना ऐकवायचे. क्रिकेटची मॅच असली की पडद्यावर आकडे बघत बसायचे आणि आपली बाजू वरचढ झाली रे झाली की टक. पुढे सामना फिरला तर "बंद कर" म्हणून उठायचे. त्यामुळे त्यांच्या फोल्डरमध्ये भारत एकही मॅच हरलेला नाही.

फोल्डरचीही एक गोष्ट आहे. सेव्ह करताना नाव द्यावं लागतं. काका एका बोटाने इंग्रजी अक्षरं शोधून 'पुरावा' एवढंच लिहायचे. दर वेळी तेच. मशीन विचारायचं की या नावाची वस्तू आधीच आहे, ती काढून ही ठेवू का? काका 'होय' दाबायचे. असे कित्येक आठवडे गेले. एक दिवस त्यांना सावंतांचं तोंड बंद करण्यासाठी जुना सोन्याचा भाव हवा झाला. फोल्डर उघडला तर आत एकच चित्र. त्या दिवशीचं पंचांग.

"माझे बाकीचे पुरावे खंय गेले?"

मी समजावून सांगितलं. काका चिडले. "मेल्यान इचारल्यान म्हणान मी होय म्हटलंय! कोणी सरळपणान इचारता तर नाय कसा म्हणूचा?"

मशीनशीही माणुसकीने वागायचं, हा काकांचा नियम. त्याने त्यांचं नुकसान झालं, पण तो त्यांनी सोडला नाही. मी प्रत्येक पुराव्याला वेगळं नाव द्यायला शिकवलं.

सगळ्यात मोठा प्रकार शिमग्याच्या वेळी झाला. काकांना गावी जायचं होतं. मी रेल्वेच्या साइटवर बघितलं तर गाडीत जागा होती. मी म्हटलं, "काका, उद्या सकाळी लवकर खिडकीवर जा." काकांनी ते पान धरलं, नाक्यावर जाऊन छापून घेतलं आणि निर्धास्त झोपले. दुसऱ्या दिवशी जेवून, पान खाऊन, दुपारी खिडकीवर गेले. तोपर्यंत जागा संपलेल्या. मी बरोबर होते म्हणून सांगते, काकांनी तो कागद खिडकीतून आत सरकवला.

"ही बघा. जागा असा."

आतल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, ही कालची जागा आहे."

"मगे कालचीच द्या. माका चलात."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. काका वळून म्हणाले, "हसतास काय? माझ्याकडे पुरावो असा, तुझ्याकडे काय असा?" त्या बाईंनी मात्र शांतपणे कागद उलटसुलट बघितला, परत दिला आणि म्हणाल्या, "छान छापलाय हो." काका त्या एका वाक्यावर खूश होऊन घरी आले. गावाला एसटीने गेले.

शिमग्याला जाणारा, मे महिन्यात जाणारा हा माणूस गणपतीला मात्र गावी जात नाही. आमच्या चाळीत हे कोणालाही विचित्र वाटेल. गणपतीला निम्मी चाळ कोकणात असते, दारांना कुलपं लागतात. आम्ही राहतो, कारण बाबांना रजा मिळत नाही. काकांची बायको वारली, मुलगा डोंबिवलीला असतो, गावच्या घरी भावाकडे गणपती असतो, तरी काका लालबागलाच. विचारलं की म्हणतात, "तिकीट गावला नाय."

मी आईला विचारलं तेव्हा तिने दत्ताराम राण्यांचं सांगितलं.

संपाआधी काका आणि त्यांच्याच खात्यातले दत्ताराम त्या शेजारच्या खोलीत आणखी काही गाववाल्यांबरोबर राहायचे. दोघांत मिळून एक वळकटी विकत घेतलेली होती. काका दिवसपाळीला असले की दत्ताराम तिच्यावर झोपायचे, दत्ताराम कामावर गेले की काका. "नवरा-बायको एवढी भांडत नसतील," आई म्हणाली, "उशीला तेल लागलं, चादर ओली आहे, तू घोरून उशी बसवलीस. आणि एकाला ताप आला की दुसरा जमिनीवर." मग संप आला. महिने गेले. दत्तारामांची बायको गावी आजारी, हातात काही नाही. गिरणीचं एक खातं मालकांनी चालू केलं तेव्हा दत्ताराम संप मोडून आत गेले. संध्याकाळी परत आले तर काकांनी वळकटी कात्रीने मधोमध कापून त्यांची अर्धी बाजू गॅलरीतून खाली फेकली होती. अगदी मोजून अर्धी. दुसऱ्याच्या वाट्याची एक वीतसुद्धा ठेवली नाही.

"आणि मग?"

"मग काय? पुढे गिरणीच बंद झाली. आत गेलेला घरी आणि बाहेर राहिलेलाही घरी. पण हे दोघं बोलले नाहीत ते नाहीतच. राणे आता मुलाकडे नालासोपाऱ्याला असतात. दरवर्षी गौरी जेवतात त्या दिवशी आपल्या मंडळाच्या गणपतीला येतात. दर्शन घेतात नि जातात. वर येत नाहीत."

"आणि काका?"

"दार लावून आत बसतात. पण गावी जात नाहीत."

आईने एवढं सांगून कोथिंबीर निवडायला घेतली. मला वाटलं, म्हणजे हा माणूस कुलूप न लावलेल्या खोलीत दरवर्षी एका दिवसासाठी थांबतो आणि त्या दिवशी दार बंद करतो.

त्या वर्षी मंडळाच्या पोरांनी इंटरनेटवर थेट दर्शन सुरू केलं. मूर्तीच्या पायाशी एक कॅमेरा लावला. तो कसा लावला देव जाणे, त्यात गणपतीचा एक गुडघा दिसायचा आणि बाकी सगळे भक्तच दिसायचे. चित्र अडखळत पुढे सरकायचं.

गौरीच्या दिवशी सकाळी काका धुतलेला शर्ट घालून आमच्या दारात उभे.

"स्वाती, गणपती लाव गो."

"काका, गणपती खालीच आहे."

"खाली गर्दी असा."

मी गॅलरीतून वाकून बघितलं. मांडवाला छप्पर असल्यामुळे आतलं दिसत नाही, पण बाहेर एक कुत्रं आणि दोन कार्यकर्ते एवढीच गर्दी होती.

आई म्हणाली, "भावोजी, चार पायऱ्या उतरा की. देव पायाशी आहे."

"गुडघे दुखतत," काका म्हणाले. आदल्या दिवशी ते स्टुलावर चढून आमचा पोटमाळा साफ करून गेले होते.

मी लावून दिलं. खालच्या मांडवातलं चित्र कुठल्या कुठे जाऊन परत आमच्या दुसऱ्या मजल्यावर आलं आणि काका त्याला हात जोडून बसले. थोड्या वेळाने मला कळलं की ते गणपतीच्या गुडघ्याकडे बघतच नाहीयेत. रांगेतली माणसं बघतायत. कोणी म्हातारा दिसला की एकदम पुढे वाकायचे. "धर तेका! धर!" मी धरायची, पेंटमध्ये उघडायची. काका नाक पडद्याला लावून बघायचे. "नाय. हो तो नाय."

दुपारपर्यंत आमच्या कॉम्प्युटरवर लालबाग-परळमधले झाडून सगळे म्हातारे जमा झाले. एक गृहस्थ तर तीनदा. ते प्रसादासाठी पुन्हा पुन्हा रांगेत लागत होते, हे काकांमुळे उघडकीला आलं.

"भावोजी, जेवून घ्या," आई म्हणाली.

"भूक नाय."

"येतील तेव्हा येतील."

"कोण? मी दर्शन घेतंय," काका म्हणाले. आईने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

काकांना त्या माणसाला बघायचं होतं आणि त्याला दिसायचं नव्हतं, एवढंच होतं हे सगळं. मला पहिल्यांदाच त्यांची चेष्टा करावीशी वाटेना. पण मला हेही वाटत होतं, या वर्षी ते आलेच नाहीत तर? वय झालेली माणसं. न येण्याचं कारण कोण कळवणार होतं आम्हाला?

उन्हं कलली तेव्हा काकांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःच बटण दाबलं. मी पडद्याकडे बघेपर्यंत चित्र पुढे सरकलं होतं. तिथे आता कडेवर मूल घेतलेली एक बाई होती.

"तो गेलो," काका म्हणाले.

मी पेंट उघडून चिकटवलं. पांढरा सदरा घातलेला एक बारीक माणूस, हात जोडलेले, खांद्यावर कार्यकर्त्याचा हात, 'चला पुढे' म्हणणारा.

"केस खंय गेले मेल्याचे?" काका पुटपुटले. "आणि गळो बघ. काय खाता की नाय?"

मी चित्र मोठं केलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हो असो कित्याक उभो? गणपती उजवीकडे असा नि हो डावीकडे बघता."

खरंच होतं. सकाळपासून धरलेल्या सगळ्या चित्रांत माणसं उजवीकडे, मूर्तीकडे बघत होती. दत्तारामांचे हात मूर्तीकडे होते आणि मान उलटी, वर वळलेली. त्या बाजूला मांडवाचा पडदा अर्धवट बांधलेला असतो. मी लहानपणापासून त्या मांडवात खेळले आहे, म्हणून मला माहीत होतं.

"काका, तिथून आपली गॅलरी दिसते."

"आपली म्हणजे?"

"म्हणजे... दुसरा मजला. आमची खोली दिसत नाही, खांब मध्ये येतो. तुमचं दार दिसतं."

काका त्या चित्राकडे बघत होते. हलत्या चित्रात ते वर बघणं निसटूनच गेलं असतं, अर्ध्या श्वासाएवढं होतं. माझ्या मनात आलं, दरवर्षी हा माणूस देवासमोर मिळणारा तेवढा वेळ एका बंद दाराला देऊन जात असेल.

"दार बंद असा माझा," काका हळूच म्हणाले. मला नव्हे, चित्राला.

मग ते उठले आणि गॅलरीत गेले. मी मागे गेले, आईही आली. खाली दत्ताराम मांडवाबाहेर येऊन चपला शोधत होते. कर्ण्यावर आरत्या जोरात लागल्या होत्या. काकांनी हाक मारली. मी शेजारी उभी असून मला ती नीट ऐकू आली नाही, खाली काय जाणार? त्यांनी परत मारली. दत्तारामांना चपला सापडल्या. ते निघाले.

तेव्हा काकांनी दोन्ही हात डोक्यावर उंच नेऊन एकमेकांवर असे काही फिरवले, की दत्तारामांच्या नजरेच्या कडेला ते हललेलं दिसलं असावं. ते थांबले. त्यांनी वर बघितलं.

काकांनी पाची बोटं जुळवून तोंडाजवळ नेली.

दत्ताराम तसेच उभे. मग त्यांनी तळहात आडवा हलवला. नाही.

काकांनी ओठ हलवले, आवाज न काढता, पण प्रत्येक शब्द चावून. एका हाताने हवेत काहीतरी दाखवलं. खालून दत्तारामांनीही ओठ हलवले, बोटं हलवली. मला काहीच उमगेना. दोन म्हातारे मुक्यासारखे हातवारे करत होते आणि प्रसाद घ्यायला आलेली पोरं त्यांच्याकडे बघत होती.

"हे काय करतायत?" मी आईला विचारलं.

"साचेखात्यात आवाज एवढा असायचा, की कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही," आई म्हणाली. "म्हणून साच्यावरची माणसं ओठांनी नि हातांनीच बोलायची. तुझ्या बाबांनाही येतं थोडं. त्यांच्याकडून मीही शिकले."

"मग काय बोलतायत ते?"

मला वाटलं, एवढ्या वर्षांनी काहीतरी मोठं बोलत असतील. वळकटीबद्दल, संपाबद्दल. माफीबिफी.

आईने थोडा वेळ बघितलं.

"काही नाही. जिन्याची वरची पायरी मोडलीय, भिंतीकडून ये म्हणतायत."

"एवढंच?"

"एवढंच," आई म्हणाली, आणि घावनांचं पीठ वाढवायला आत गेली.